पालथ्या पुड्या

माझा चेहरा एके काळी पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत घरोघरच्या मोरीत होता. ही बढाई नाही. मोरीत असण्यात बढाई कसली? ‘कुंदा वॉशिंग पावडर’च्या प्लॅस्टिकच्या पुडीवर दोन वेण्यांची जी मुलगी दात काढून हसते, ती कुंदा म्हणजे मी. फोटो सौसरच्या एका स्टुडिओत काढला. फोटोग्राफर ‘हस, हस’ म्हणत राहिला आणि मी हसले, कारण परत जाताना उसाचा रस पाजू असं बाबूजींनी कबूल केलं होतं. छापणाऱ्याने निळी शाई सढळ हाताने वापरल्यामुळे पुडीवर मी थंडीने काकडल्यासारखी दिसायची. बाबूजी म्हणत, निळा रंग म्हणजे थंडावा आणि थंडावा म्हणजे स्वच्छता. त्यांच्याकडे प्रत्येक चुकीला असं एक कारण तयार असे. रस मात्र पाजायचा राहून गेला.

बाबूजी म्हणजे माझे वडील. पांढुर्ण्यात त्यांचं किराण्याचं दुकान होतं आणि ते चांगलं चाललं होतं, हीच त्यांची अडचण होती. नुसतं चांगलं चालणं त्यांना पुरत नसे. नागपूरला एका लग्नाला गेले आणि तिथल्या व्याह्यांकडून धुण्याची पावडर करायची कृती घेऊन आले. मागच्या अंगणात फरशी घातली. तिच्यावर सोड्याचा ढीग, त्यात मीठ, आणि वरून ॲसिड स्लरी नावाचं काळपट, काकवीसारखं घट्ट द्रव्य. ते ड्रममधून ओतलं की ढीग फसफसायचा आणि घरातल्या माणसांना शिंका सुटायच्या. चार बायका नाकाला पदर बांधून फावड्याने ते कालवायच्या, वाळवायच्या, चाळायच्या. शेवटी मोगऱ्याचं सेंट. पुड्या बंद करायचं काम शाळेतून आल्यावर माझ्याकडे असे. पुडीचं तोंड करवतीच्या पात्यावर दुमडायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून झरकन फिरवायचं, म्हणजे ते चिकटतं. हात जरा रेंगाळला तर पुडीवरची माझी वेणी जळायची. पहिली पुडी बाबूजींनी जामसावळीच्या मारुतीपुढे ठेवून आणली आणि मग धंद्याला सुरुवात झाली.

त्या काळात आमच्या घरात जे काही शिजलं ते मोगऱ्याच्या वासाचं शिजलं. ज्वारीची भाकर मोगऱ्याची, अंबाडीची भाजी मोगऱ्याची, पाटोडीच्या झणझणीत रश्शालाही मोगऱ्याचा दर्प. पाहुणे आले की पहिल्या घासाला थबकायचे, दुसऱ्याला शिंकायचे आणि तिसऱ्याला गाडीची वेळ झाली म्हणायचे. आई कपाळाला हात लावायची. बाबूजी म्हणायचे, “बरं झालं, फालतू पाहुणे कमी झाले.” आजही कुणी मोगऱ्याचा गजरा पुढे केला की माझं नाक आधी खाजतं. नव्या सुना त्याला म्हातारीचे नखरे म्हणतात.

फेस म्हणजे स्वच्छता, हा तेव्हा आमच्या गावाचा नवा धर्म होता. त्याआधी बायका नदीवर रिठे किंवा साबणाची वडी घेऊन जायच्या आणि कपड्यांना बदडून काढायच्या. पावडर आल्यावर बदडणं कमी झालं आणि फेस पाहत बसणं वाढलं. फेस कमी दिसला की गिऱ्हाईक दुकानात येऊन तक्रार करी, आणि बाबूजी स्लरी वाढवीत. रोज सकाळी रिकामे ड्रम आणि फावडी धुतली की आमच्या मोरीपासून थेट जाम नदीपर्यंत नालीतून पांढरी रांग जायची. बाबूजी ओट्यावर चहा पीत ती रांग पाहायचे. “पाहा, गावाची नाली बी धुवून राहिलो आपण. ते बी फुकट,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

नदीच्या पलीकडे सावरगावात गोदामावशी राहायची. तिचं घर जाळं टाकणाऱ्यांचं. नवऱ्याचे, म्हणजे सदूभाऊंचे, गुडघे गेल्यावर जाळंही तीच टाकायची आणि मासेही तीच विकायची. आमच्या घरी मासे चालत नसत, पण तिचं तेलमीठ आमच्याकडून जायचं आणि दुपारी मागच्या दारी आईशी तिच्या गप्पा चालायच्या. आमच्या विहिरीतला मासा सदूभाऊंनीच सोडला होता. पाण्यात डासांची अळी होऊ नये, पाणी जितंजागतं राहावं म्हणून तेव्हा घरोघरी विहिरीत मासा किंवा कासव सोडायचे. आमचा मरळ होता. हा मासा मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो. तो विहिरीच्या कडेकडेने अशा रुबाबात फिरायचा की मी त्याला हवालदार म्हणायची. रहाट करकरला की हवालदार वर यायचा, कारण मी त्याला नाकतोडे टाकायची.

उन्हाळ्यात जाम नदीचं काय होतं ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. वाळू आणि गोटे उरतात. गोट्यांचा आमच्या दोन गावांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीत एकमेकांवर फेकायला, काय उपयोग असतो, तेही सांगायला नको. पाणी उरायचं ते फक्त खडकाखालच्या डोहात. काठावर आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, शेंदूर लावलेले सात दगड. चैत्र लागला की गोदामावशीच्या माणसांपैकी कुणी त्या डोहात जाळं टाकत नसे. घरात चूल पेटो न पेटो. उरलेले मोठे मासे डोहात राहायचे, पूर आला की वर चढून अंडी घालायचे, आणि त्यावर सगळ्यांचं पुढचं वर्ष निघायचं. मावशी त्याला बियाणं म्हणायची. शेतकरी पेरायचं बियाणं खात नाही, तसंच हे.

आणि बाबूजींनी महाफेस स्पर्धा ठेवली ती नेमकी त्या डोहावर, भर वैशाखात. नदीत दुसरीकडे पाणीच नव्हतं, त्यामुळे जागा निवडायचा प्रश्नच आला नाही. पावडर फुकट, कपडे आपापले, आणि जिचा फेस सगळ्यांत उंच तिला प्लॅस्टिकची बादली. फेस मोजायला शाळेचे हेडमास्तर लाकडी फूटपट्टी घेऊन बसले. हेडमास्तरांकडे आमची पावडर भेट म्हणून जायची, त्यामुळे त्यांचा निःपक्षपातीपणा वादातीत होता. गोदामावशी आदल्या दिवशी दुकानात येऊन सांगून गेली होती.

“बाबूजी, तिथं नका करू व बाप्पा. आसरायचं ठिकान हाये. अन् बियानं हाये तिथं.”

“अवो गोदाबाई, आसरायची लुगडी बी धुवून देऊ. फुकट! साबनच हाये, जहर थोडी हाये?”

दुकानातली माणसं हसली. पुडीवरच्या माझ्यासारखी मीही हसले.

दोन्ही काठांवरच्या बायका आल्या. वर्षभराच्या गोधड्या, सतरंज्या, लग्नातले मांडवाचे पडदे, सगळं आलं. दुपारपर्यंत डोह दिसेनासा झाला. खडकाच्या बेचक्यात पांढरा ढिगारा तेवढा हलत होता. पोरांनी फेसाच्या दाढ्या लावल्या. हेडमास्तर फूटपट्टी खुपसून ओरडायचे, “एक फूट दोन इंच!” आणि टाळ्या पडायच्या. मी काठाला बसून पुड्या फोडून देत होते. पाण्यावर लांब पायांचे किडे पळतात ना, पाण्याला पाय टेकवून, न बुडता? ते मला फार आवडायचे. त्या दिवशी एक किडा फेसाच्या कडेला आला, थांबला, आणि दगडासारखा खाली गेला. मग दुसरा. मला वाटलं, आज ते पोहायला शिकून राहिले असतील. वय तेरा, अक्कल पुडीवर छापल्याएवढी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात बोंब झाली की डोहातले मासे आपणहून वर आले. मोठमोठे मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड उघडून आ-आ करत होते, काही कुशीवर, काही पांढरं पोट वर करून. लोक टोपल्या, घमेली, धोतरं घेऊन धावले. हाताने मासे उचलत होते! जाळं नको, गळ नको. एका म्हाताऱ्याने बाबूजींना रस्त्यात हात जोडले. “काय जादू करून राहिले बाप्पा तुम्ही. कपडे बी धुतले अन् जेवन बी देल्लं.” बाबूजी क्षणभर गोंधळले, पण कौतुक परत करायची त्यांना सवय नव्हती. संध्याकाळपर्यंत ते स्वतःच सांगू लागले की पावडरीच्या सुवासाने मासा वर येतो. त्या दिवशी दोन्ही गावांत रस्सा शिजला. तक्रार एवढीच आली की रश्शाला मोगऱ्याचा वास येतो.

माझी नात आता नागपूरला प्राणिशास्त्र शिकते. तिला हे सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, आजी, माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याचं चिलखत. साबणाची पावडर तो थर धुऊन टाकते, मग कल्ले सोलवटतात. पाणी भरपूर असतं आणि मासा त्यातच गुदमरतो. अंडी तर आधी मरतात. आणि पाण्याचा पृष्ठताण जातो, म्हणून तुझे ते किडे बुडाले. तिने हे सगळं चहा गाळता गाळता सांगितलं. मग सिंकमध्ये कप विसळायला तिने जे हिरवं द्रव ओतलं, त्याचा केवढा फेस झाला म्हणता! मी काही बोलले नाही. आमच्या घराण्यात हे न बोलणं जुनं आहे.

नातीला हे पुस्तकातून कळलं, गोदामावशीला हातातून. मासे वर आले त्याच दिवशी सकाळी ती टोपलीत एक मेलेला मासा घेऊन आमच्या दुकानासमोर उभी राहिली. गर्दी जमली.

“हात लावून पाहा, बाबूजी. लावा ना. माशाच्या आंगाले बुळबुळ राह्यते का नाही? हा पाहा, धुतल्या धोतरावानी कोरडा लागते. तुमच्या पावडरीनं आमचं बियानं मेलं.”

“उन्हानं मेलं असन. वैशाख हाये.”

“दरसाल वैशाख येते. दरसाल नाही मरत.”

“माह्या पावडरीनं मुंगी बी मरत नाही, गॅरंटी देतो!”

“मंग तुमच्या घरच्या विहिरीत टाका,” गोदामावशी शांतपणे म्हणाली. “आमच्या मानसानं सोडलेला मरळ हाये तिथं. डोहाले जेवढी देल्ली, त्या हिशोबानं टाका. मासा जगला तं मी डोहाचं नाव काढनार नाही. मेला तं तुमची स्पर्धा बंद, अन् ड्रमाचं पानी नदीत सोडनं बंद.”

बाबूजी पटकन म्हणाले, “अरे, विहिरीचं पानी आम्ही पेतो ना!”

गर्दीत कुणी हसलं नाही. गोदामावशीने टोपलीतल्या माशाकडे पाहिलं आणि म्हणाली, “हे बी पेतच होते.”

आता माघार घेणं बाबूजींना शक्य नव्हतं. उद्या सकाळी हेडमास्तरांसमोर पावडर टाकायची आणि परवा सकाळी पाहायचं, असं ठरलं. शास्त्रोक्त पद्धत व्हावी म्हणून हेडमास्तरांनी कागदावर तसं लिहून घेतलं. बाबूजी दुपारी घरी येऊन जेवले आणि घोरू लागले. आई मात्र झोपली नाही. तिने रहाट धरला आणि घरातलं प्रत्येक भांडं पाण्याने भरून घेतलं: हंडे, कळशा, परात, पातेली, बरण्या, शेवटी तर वरणाच्या वाट्यासुद्धा. बाबूजी उठून पाणी प्यायला गेले, आणि त्या भरलेल्या भांड्यांमधून वाट काढत दुकानात निघून गेले. ज्या पावडरीने मुंगी मरत नाही, तिच्याबद्दल आमच्या घरात एवढी खात्री होती.

त्या भांड्यांकडे पाहून मला हवालदार आठवला. आई आमची सोय करत होती, त्याची कोण करणार? मला पैज आठवली नाही, बाबूजी आठवले नाहीत, हे मी देवाशपथ सांगते. चहाच्या वेळेला सगळे बाहेर पोती लादत होते तेव्हा मी रहाटाला मोठी बादली लावली, एक नाकतोडा पाण्यावर टाकला आणि बादली अलगद त्याच्याखाली नेली. तीनदा निसटला. चौथ्यांदा आला. वर ओढताना हात सोलले. लाकडांच्या खोलीत एक जुना पिंप होता, त्यात आईच्या दोन कळशा ओतल्या, हवालदाराला सोडलं आणि वर पोतं टाकलं. तो कितीतरी वेळ पिंपाच्या कडेकडेने फिरत होता. मला फार आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावडर पडली. बाबूजींनी मलाच पोतं ओतायला लावलं; पुडीवरची मुलगी विहिरीत पावडर टाकते, याची शोभा वेगळी. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात जत्रा लोटली. विहिरीत वीतभर फेस होता. हेडमास्तरांनी बांबूने फेस बाजूला सारला. एक बेडूक उलटा तरंगत होता.

“म्हातारा होता तो,” बाबूजी म्हणाले.

“पैज माशावर हाये,” हेडमास्तर कागद काढून म्हणाले. “बेडकाचा उल्लेख नाही.”

बांबू चारही बाजूंना फिरला. मासा दिसला नाही. हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला: मेलेला मासा वर येतो, हे शास्त्र आहे, मासा वर आलेला नाही, अर्थात मासा जिवंत आहे. टाळ्या पडल्या. बाबूजींना इतकं स्फुरण चढलं की ते त्याच विहिरीतलं पाणी काढून सगळ्यांसमोर पेलाभर प्यायले. त्यानंतर तीन दिवस ते परसाकडे आणि घरात अशा येरझारा घालत होते. दोष आंब्याच्या रसाला दिला गेला.

गोदामावशी वाकून पाण्याकडे पाहत होती. “मेला असता तं दिसला असता, हे खरं,” ती म्हणाली. “पन जिता असता तरी दिसला असता. मरळ हाये तो. हवा घ्यायले वर येतेच येते.” तिचं कुणी ऐकलं नाही. तिने मान वर केली तेव्हा तिची नजर माझ्या सोललेल्या हातांवर पडली. मी हात पाठीमागे नेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की मी काय करून बसले आहे.

दुपारी मी हवालदाराला बादलीत घेतलं आणि कोरड्या पात्रातून सावरगावला गेले. गोदामावशी दारात जाळं उकलत बसली होती. तिने बादलीत डोकावलं, हात घालून त्याच्या पाठीवरून फिरवला. तिच्या बोटांना बुळबुळ लागली, ती तिने अंगठ्याने चोळून पाहिली.

“जिता हाये,” ती म्हणाली.

“मावशी, तो मरन म्हनून मी काढला. मले पैजेचं समजलं नाही.” मला रडू फुटलं.

“मंग चाल माह्यासंगं. हेडमास्तराले दाखवू. सांगशीन?”

मी बादलीकडे पाहत राहिले. बाबूजींचा चेहरा, दुकानासमोरची गर्दी, पुडीवरचं माझं हसू, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी नाही म्हटलं नाही. मी काहीच म्हटलं नाही. आपल्याकडे त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मावशीने उठून पाण्याच्या रांजणावरचं झाकण काढलं.

“डोहात सोडता येत नाही, विहिरीत नेता येत नाही. राहू दे इथं पूर येयेलोक,” ती म्हणाली. एवढ्या दोन गावांत एका माशाला ठेवायला पाणी उरलं होतं ते तिच्या पिण्याच्या रांजणात. मी निघाले तर तिने हाक मारली. “पोरी, पंधरा दिवस तरी त्या विहिरीचं पानी पेऊ नको. तुह्या मायले सांगजो.”

पूर आला, तिने हवालदाराला वरच्या अंगाला सोडलं. पण एकटा मासा काय बियाणं देणार? त्या वर्षी जाळ्यात शेवाळ आलं, पुढच्या वर्षीही शेवाळच. स्पर्धा मात्र दरवर्षी झाली, बादलीच्या जागी टब आला. सावरगावची जाळी एकेक करून खुंटीला लागली. आज पांढुर्णा जिल्हा झाला आहे, आणि उन्हाळ्यात तो डोह इतका हिरवागार असतो की बाहेरगावची माणसं काठावर उभी राहून फोटो काढतात.

जाळं सुटल्यावर तिसऱ्या वर्षी गोदामावशी आमच्या मागच्या अंगणात कामाला आली. बाबूजींनी मोठ्या मनाने ठेवून घेतलं. जुनं काही मनात ठेवत नाही म्हणाले. तिला माझ्याशेजारी पुड्या भरायला बसवलं. तिने मला कधी काही विचारलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही. जेवताना आपल्या डब्यातली चटणी मात्र मला द्यायची. फक्त बंद केलेली प्रत्येक पुडी ती टोपलीत पालथी ठेवायची. माझं हसू खाली, कोरी बाजू वर. दिवसाला शेकडो पुड्या, एकही उताणी नाही.

बाबूजींच्या ते लक्षात आलं. त्यांना वाटलं, छपाई घासू नये म्हणून ती जपते. त्यांनी सगळ्या बायकांना बोलावून दाखवलं. “पाहा, याले म्हन्तात काम. आजपासून सगळ्यायनं पुड्या पालथ्याच ठेवायच्या.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “कुंदे, तू बी शीक गोदाबाईपासून.”

मी पहिली पुडी उचलली, मेणबत्तीवरून फिरवली आणि पालथी ठेवली.